सात स्रोत आणि एक आकडा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी स्लाइडवर लिहिलं होतं : कोमा दीर्घिकासमूहाच्या केंद्रात चुंबकीय क्षेत्र ४.७ मायक्रोगॉस. गाइडनी एवढंच विचारलं, "कशावरून?" मला सांगता आलं नाही. मग बोनाफेडे आणि सहकाऱ्यांचा २०१० चा पेपर नीट वाचला.

पेपर उत्तमच आहे. समूहातल्या आणि त्यामागच्या सात रेडिओ स्रोतांचं ध्रुवीकरण किती फिरलं, हे त्यांनी व्हीएलए दुर्बिणीने मोजलं. पण या फिरण्यात इलेक्ट्रॉनांची घनताही असते, आणि उलटसुलट क्षेत्रं एकमेकांना खोडतात. म्हणून घनता क्ष-किरणांवरून घ्यायची, क्षेत्राचा गुंता कसा असेल ते गृहीत धरायचं आणि सिम्युलेशनशी ताडून बघायचं.

माझा आक्षेप आकड्यावर नाही, आपण तो उचलतो कसा यावर आहे. केंद्रातलं क्षेत्र जास्त धरून ते बाहेर वेगाने घटू दिलं, तरी निरीक्षणं जुळतात. त्यामुळे ३.९ ते ५.४ पर्यंत वाव राहतो. लेखकांनी हे लपवलेलं नाही. आपणच एका आकड्यावर थांबतो.

तेव्हा आकडा घेताना त्याची गृहीतकंही वहीत लिहा. मुलाखतीत प्रश्न तिथूनच येतो!