प्रवास मुलांचा, लेखणी वडीलधाऱ्यांची

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील युवक-युवतींचा एक गट सेवाकार्यासाठी परदेशी जाऊन आला. तीन आठवडे ही मंडळी एका अनाथालयात राहिली. त्यांनी भिंती रंगवल्या, मुलांना गाणी शिकवली, संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना घेतली. परतल्यावर गटातील एका मुलीने धर्मग्रामाच्या अंकासाठी वृत्तान्त लिहिला व तो वाचून दाखवायला ती माझ्याकडे आली. वृत्तान्त नीटनेटका होता. विमानतळ, स्वागत, भोजन, मिस्सा, सेवा, निरोप असा तो क्रमाने जात होता, आणि 'मुलांचा निरोप घेताना सर्वांचे डोळे पाणावले' या वाक्याने संपत होता. कागदाची घडी घालता घालता ती सहज बोलून गेली, "सर, तिथला एक लहान मुलगा मला रोज विचारायचा, पुढच्या वर्षी येशील ना? मी रोज हो म्हणायचे. जाणं होणार नाही हे मला ठाऊक होतं." हे का लिहिले नाहीस, असे विचारताच ती म्हणाली, "लोकांना वाचून आनंद वाटेल असं लिही, असं सांगितलंय."

हा प्रसंग मला पुन्हा आठवला तो चारशे वर्षांहून अधिक जुन्या एका ग्रंथाच्या वाचनात. तोही तरुणांच्या एका गटाने श्रद्धेपोटी केलेल्या परदेशप्रवासाचा वृत्तान्त आहे. 'दे मिसिओने लेगातोरुम इयापोनेन्सिउम' हे त्याच्या लांबलचक लॅटिन शीर्षकाचे पहिले शब्द. रोमच्या दरबारी गेलेल्या जपानी वकिलांचे प्रवासवृत्त, असा त्याचा अर्थ सांगता येईल (वकील हा शब्द येथे पेशवाईतल्या अर्थाने घ्यावा). १५९० साली तो मकाव येथे छापला गेला. त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०१२ साली हॅक्लूट सोसायटीने प्रसिद्ध केले. भाषांतर जे. एफ. मोरान यांचे व संपादन डेरेक मासारेला यांचे आहे. प्रस्तुत लेखन त्या भाषांतराच्या आधारे केले आहे.

प्रवासाची हकीकत थोडक्यात अशी. जपानमधील येशूसंघीय कार्याचे पाहणी अधिकारी फादर अलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी आरिमा येथील गुरुकुलातून चार मुलगे निवडले. इतो मान्सियो, चिजिवा मिगेल, हारा मार्तिनो आणि नाकाउरा जुलियन ही त्यांची नावे. तेरा-चौदा वर्षांची ही मुले फेब्रुवारी १५८२ मध्ये नागासाकीहून निघाली. मकाव, कोची, गोवा असे थांबे घेत ऑगस्ट १५८४ मध्ये ती लिस्बनला उतरली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जागतिक युवा दिनासाठी ज्या लिस्बनमध्ये जगभरची तरुणाई लोटली होती, तेच हे शहर. माद्रिदला राजा दुसरा फिलिप त्यांना भेटला. २३ मार्च १५८५ रोजी रोममध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी त्यांचे स्वागत केले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत पोप निवर्तले आणि पाचव्या सिक्स्टसच्या राज्याभिषेकालाही ही मुले हजर राहिली. जुलै १५९० मध्ये ती मायदेशी पोहोचली. गेली तेव्हा मुले होती, आली तेव्हा विशी ओलांडलेले पुरुष होते.

ग्रंथाची रचना संवादाची आहे. एकूण चौतीस संभाषणे. प्रवासाहून आलेले चौघे सांगतात आणि जपानबाहेर पाऊल न टाकलेले लिओ व लीनो हे दोन राजकुळांतले तरुण प्रश्न विचारतात. युरोपातील राजवाडे, सैन्ये, जहाजे, वाद्ये, चर्चे, वस्त्रे, न्यायव्यवस्था अशा साऱ्यांचे वर्णन येते. चीनविषयीचे संभाषण तर इतके माहितीपूर्ण आहे की रिचर्ड हॅक्लूटने १५९९ मध्ये त्याचे इंग्रजी रूप आपल्या प्रसिद्ध संग्रहात घातले. शीर्षकातच ग्वाही दिलेली आहे की हा मजकूर वकिलांच्या स्वतःच्या रोजनिशीतून संकलित केला आहे आणि फादर दुआर्ते द सांदे यांनी तो लॅटिनमध्ये आणला आहे. खरा लेखक सांदे की वालिन्यानो, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मूळ मजकूर वालिन्यानोंनी तयार केला आणि सांदे यांनी त्याला लॅटिन रूप दिले, असे मानणारे पुष्कळ आहेत. रोजनिशी मात्र आज उपलब्ध नाही.

आता वाचकाने एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. मुले युरोपला गेली तेव्हा फादर वालिन्यानो त्यांच्यासोबत नव्हते. प्रांताधिकारी म्हणून नेमणूक झाल्याने त्यांना गोव्यातच थांबावे लागले आणि मुलांना पुढे नेण्याचे काम फादर नुनो रॉड्रिग्ज यांच्याकडे आले. दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. ग्रंथातले संभाषण घडते ते चौघे जपानला परतल्यावर, पण ग्रंथ रचला गेला तो ते परतण्यापूर्वी, मकावमध्ये. म्हणजे घरी गेल्यावर भावंडे काय विचारतील आणि ही मुले काय उत्तर देतील, हे घर गाठण्याआधीच ठरून गेले होते.

यात लबाडी होती असे मला म्हणायचे नाही. हेतू उघड होता. जपानी गुरुकुलातील विद्यार्थ्यांना लॅटिन शिकता यावे आणि युरोपची ओळखही व्हावी, म्हणून हे पाठ्यपुस्तक लिहिले गेले. संवादरूपाने शिकवण्याची रीत सर्वमान्य होती. पाठ्यपुस्तक म्हणून पाहिले तर रचना नेटकी आहे, वर्णने स्पष्ट आहेत. आक्षेप आहे तो याला प्रवासवृत्त म्हणण्याला. लिओ आणि लीनो शंका काढतात, पण त्यांची शंका उत्तराला वाट करून देण्यापुरतीच जगते. एकदाही त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही की मला हे पटले नाही. सहा-सात महिने समुद्रावर काढलेल्या, आईपासून आठ वर्षे दुरावलेल्या मुलांच्या बोलण्यात थकवा नाही, घराची ओढ नाममात्र आहे, आणि युरोपातील एकही जेवण त्यांना मनापासून नावडलेले नाही.

याचे मूळ गोव्यातच सापडते. १५८३ साली वालिन्यानोंनी रॉड्रिग्ज यांना जी सूचनापत्रे दिली, त्यांत मुलांना काय दाखवावे व काय दाखवू नये याचा बारकाईने विचार आहे. त्यांनी चांगलेच पाहावे, ख्रिस्तसभेतील भांडणे व दोष त्यांच्या कानी पडू नयेत, सोबत सतत कोणी तरी असावे, असा त्याचा आशय. धर्मसुधारणेच्या वादळाने तेव्हाचा युरोप दुभंगलेला होता. मुलांना मात्र एकसंध ख्रिस्ती जग पाहून यायचे होते. दाखवलेले तेवढेच त्यांनी पाहिले, आणि पाहिलेले सांगायची पाळी आली तेव्हा शब्दही तयार मिळाले.

वालिन्यानोंवर एवढे लिहून थांबणे अन्यायाचे होईल. जपानी लोकांची भाषा शिका, त्यांचे शिष्टाचार पाळा, त्यांच्यातून धर्मगुरू घडवा, असा आग्रह त्यांनी स्वतःच्या सहकाऱ्यांचा विरोध पत्करून धरला. त्या काळी असे म्हणणारे मिशनरी फार थोडे होते. (आपल्या देशबांधवांविषयी मात्र त्यांचे मत चांगले नव्हते, हे त्यांचे अहवाल वाचणाऱ्याला खटकल्यावाचून राहत नाही.) जपानी माणसाची योग्यता ज्याने इतरांपेक्षा अधिक ओळखली, त्याच्याच ग्रंथात जपानी मुलांना स्वतःचे वाक्य नसावे, हे मला या पुस्तकाचे खरे कोडे वाटते.

तरीही एक स्थळ असे आहे की तेथे वाचक दचकतो. विषय गुलामांचा आहे. पोर्तुगीज जहाजांतून जपानी स्त्री-पुरुष, मुलगे व मुली परमुलखात विकल्या जात. पोर्तुगालच्या राजाने १५७० मध्ये या व्यापारावर बंदी घातली होती, पण ती पाळली जात नव्हती. वाटेवरच्या बंदरांतून आपलीच माणसे कवडीमोलाने विकली गेलेली पाहून मन कसे विदीर्ण झाले, हे मिगेल सांगतो. येथे त्याची वाक्ये लांबतात, स्वर बदलतो. एरवी वर्णनाच्या पायऱ्या शिस्तीत उतरणारा हा निवेदक येथे पहिल्यांदाच अडखळल्यासारखा वाटतो. रोजनिशीतील एखादे पान येथे जवळजवळ जसेच्या तसे उतरले असावे, असा माझा तर्क आहे. पण हा क्षण टिकत नाही. लगेच कारणमीमांसा सुरू होते. दोष विकणाऱ्या जपान्यांच्या लोभाचा, विकत घेणाऱ्या पोर्तुगिजांचा त्यामानाने हलका, असा निवाडा होतो आणि संभाषण पुढे सरकते. अनाथालयातील त्या मुलाचा प्रश्न ज्या जागी गळाला, तशीच ही जागा आहे. फरक एवढाच की येथे प्रश्न पूर्णपणे गळलेला नाही. तो छापला गेला आणि मग त्यावर उत्तराचे झाकण ठेवले गेले.

मुलांचा स्वतःचा आवाज कोठे ऐकू येतो का? हारा मार्तिनोने परतीच्या वाटेवर ४ जून १५८७ रोजी गोव्यात, वालिन्यानोंच्या समोर, लॅटिनमध्ये आभाराचे भाषण केले. युरोपातून सोबत आणलेल्या छपाईयंत्रावर ते १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले, आणि छापणारा होता गटातीलच एक जपानी तरुण, कोन्स्तांतिनो दोउरादो. भाषण शाळेच्या व्यासपीठावरचे, अलंकारांनी लगडलेले आहे. पण बोलणारा खरोखर उभा होता, ऐकणारा खरोखर समोर होता, एवढे तरी त्याबाबत म्हणता येते. त्या वेळी फादर थॉमस स्टीफन्स गोव्याच्या परिसरातच कार्य करीत होते. ते १५७९ मध्ये गोव्यास आले होते. पुढे १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' राशोलला छापले गेले, ते इथल्या लोकांच्या भाषेत. जपानी मुलांचा प्रवास मात्र जपानीत आला नाही. घरच्या माणसांना तो वाचायचा तर आधी लॅटिन शिकावे लागणार होते.

ग्रंथाचा प्रमुख वक्ता मिगेल आहे. सर्वांत लांब उत्तरे त्याची, युरोपच्या वैभवाची ग्वाही देणारा तोच. इतर तिघांना त्यामानाने थोडेच बोलायला मिळते. आता पुढील आयुष्ये पाहावीत. परतल्यावर चौघांनीही येशूसंघात प्रवेश केला. मान्सियो, मार्तिनो व जुलियन १६०८ मध्ये धर्मगुरू झाले. मान्सियो १६१२ मध्ये नागासाकीत वारला. मार्तिनोला १६१४ च्या हद्दपारीत मकावला जावे लागले व तेथेच १६२९ मध्ये त्याचे निधन झाले. मिगेल संघ सोडून गेला आणि पुढे त्याने धर्मही सोडला असे सांगितले जाते. ग्रंथकाराने ज्याच्या तोंडी सर्वाधिक शब्द घातले, तोच बाहेर पडला. का पडला, हे या चारशे-पाचशे पानांतून कळण्याचा मार्ग नाही, कारण त्याच्या मनात काही घडते आहे अशी जागाच पुस्तकात ठेवलेली नाही. २०१७ मध्ये इसाहाया येथे त्याची व त्याच्या पत्नीची मानल्या जाणाऱ्या कबरीच्या उत्खननात काचेचे मणी मिळाले. ते जपमाळेचे असावेत असे संशोधकांना वाटते. ते तसे असतील तर पाठ्यपुस्तकातल्या मिगेलपेक्षा आणि धर्मत्यागी मिगेलपेक्षा वेगळा, तिसराच कोणी मिगेल आपल्याला शोधावा लागेल.

जुलियनची कथा याच्या उलट आहे. रोममधील त्या भव्य मिरवणुकीच्या दिवशी तो तापाने फणफणला होता. पोपना तो आधी एकांतात भेटला आणि समारंभात तिघेच गेले. पूर्वेकडून आलेल्या तीन राजांचे चित्र पुरे व्हावे म्हणून त्याला मागे ठेवले की काय, अशी शंकाही काही अभ्यासकांनी घेतली आहे. जो देखाव्यातून वगळला गेला, तो छळाच्या काळात जपान न सोडता लपत-छपत वीसेक वर्षे धर्मसेवा करीत राहिला आणि ऑक्टोबर १६३३ मध्ये नागासाकीला खड्ड्यात उलटे टांगले जाऊन हुतात्मा झाला. रोम पाहून आलेला तोच मी, असे तो अखेरीस म्हणाला, ही परंपरा आहे. २४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकी येथे १८८ हुतात्म्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, त्यांत तो आहे.

वसईच्या वाचकाला येथे संत गोन्सालो गार्सिया आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तेही पंधराएक वर्षांचे असताना येशूसंघीयांबरोबर जपानला गेले होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याच नागासाकीत ते क्रुसावर गेले. वसईच्या किनाऱ्यावरून गेलेल्या त्या मुलाला जपान पहिल्यांदा कसे दिसले, हे आपण आजवर चरित्रकारांच्या तोंडूनच ऐकत आलो आहोत, आणि चरित्रकारांना त्याच्या शेवटाची इतकी घाई असते की तो मुलगा चार पानांत मोठा होतो.

भाषांतराविषयी दोन शब्द. मोरान यांचे इंग्रजी सरळ व वाचनीय आहे आणि मासारेला यांची प्रस्तावना व टिपा अत्यंत उपयुक्त आहेत. ग्रंथ महाग आहे व आपल्याकडच्या ग्रंथालयांत सहजी मिळत नाही. सगळी चौतीस संभाषणे मराठीत आणणे व्यवहार्य नाही, हे मला कळते. परंतु हिंदुस्थानच्या मुक्कामाचे आणि गुलामांविषयीचे संभाषण तरी मुळावरून मराठीत यावे. लॅटिन जाणणारे धर्मगुरू आपल्यात अजून आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे काम अंगावर घेतले तर प्रुफे तपासण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन. तोवर माझ्याकडची प्रत ज्यांना हवी त्यांनी ती वाचून परत करावी.