नोव्हेंबरातली धाव

एक तरुणी समुद्रकिनाऱ्यावरून धावते आहे. अंगात पोहण्याचा पोशाख, खांद्यांवर बांधलेला केप वाऱ्याने मागे फुगलेला. नजर कॅमेऱ्याकडे नाही. आकृतीच्या कडा किंचित पुसट. मार्टिन मुंकाची या हंगेरियन छायाचित्रकाराने १९३३ च्या नोव्हेंबर महिन्यात, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, पायपिंग रॉकच्या किनाऱ्यावर टिपलेलं हे छायाचित्र. फॅशन छायाचित्रणाला स्टुडिओबाहेर काढून पळायला लावणारं चित्र म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, आणि ते रास्तच आहे. पण मी या चित्राकडे पुन्हा पुन्हा वळतो ते दुसऱ्या कारणासाठी. यातली धाव खरी आहे, आणि तिला हा खरेपणा त्या दिवसाच्या थंडीने दिला आहे.

आधी त्या दिवसाची हकिगत. 'हार्पर्स बझार' मासिकाच्या डिसेंबर अंकात पोहण्याचे कपडे दाखवायचे होते. ऐन हिवाळ्यात ते कशाला, असं आपल्याला वाटेल. पण अमेरिकेतली सधन मंडळी त्या दिवसांत फ्लोरिडाच्या उबदार किनाऱ्यांवर जात, आणि अंक त्यांच्यासाठी होता. कपड्यांची छायाचित्रं स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे काढूनही झाली होती. संपादिका कार्मेल स्नो यांना ती निर्जीव वाटली. मुंकाची तेव्हा एका जर्मन साप्ताहिकाच्या कामासाठी अमेरिकेत आलेला होता. अंकाची मुदत जवळ आलेली असताना स्नो त्याला आणि लुसील ब्रोकॉ या तरुणीला घेऊन थेट किनाऱ्यावर गेल्या. दिवस गारठ्याचा, मळभाचा, वाऱ्याचा. उन्हाळी कपडे खुलावेत असं त्या हवेत काहीही नव्हतं.

त्यात मुंकाचीला इंग्रजी येत नव्हतं. तो हातवारे करून काय हवं ते सांगू लागला. पोज घेऊन उभं राहायचं नाही, धावायचं, एवढं बाकीच्यांच्या लक्षात आलं. एरवी मॉडेलला शब्दांनी सूचना मिळतात: हनुवटी वर, खांदा मागे, डोळे इकडे. शब्दांनी दिलेली सूचना आधी डोक्यात जाते, मग अंगात उतरते, आणि उतरताना थोडी ताठ होते. इथे एक अंग हलून सांगतं आहे आणि दुसरं अंग हलून उत्तर देतं आहे. चित्रातला मोकळेपणा मला या देवघेवीतून आलेला दिसतो.

आता केपकडे पाहा. स्टुडिओत कापडाची एकेक चुणी हाताने लावावी लागते आणि लावलेली चुणी लावलेलीच दिसते. इथे केप शिडासारखा फुगला आहे, आणि त्याला असा आकार द्यायचं कोणी ठरवलेलं नाही. समोरचा वारा आणि पळणाऱ्या पायांचा वेग या दोघांनी मिळून तो घडवला. वारा छायाचित्रात दिसत नाही, पण केपने तो दाखवून दिला आहे. कपडा कसा आहे, किती हलका आहे, अंगावर कसा वागतो, हे मासिकाला सांगायचं होतं. ते सगळं आपसूक सांगून झालं.

मग तिची नजर. ती आपल्याकडे पाहत नाही, म्हणजेच आपली परवानगीही मागत नाही. त्या काळच्या फॅशन चित्रांत स्त्री बहुधा एखाद्या मूर्तीसारखी असे: बॅरन द मेयर, एडवर्ड स्टायकन, हॉयनिंगन-ह्यून या छायाचित्रकारांच्या हातची देखणी, प्रकाशात न्हालेली, स्तब्ध. त्या कलेचं मोल मी कमी मानत नाही. पण ती स्त्री पाहिली जाण्यासाठी उभी आहे. ही आपल्या कामात आहे. मग पाहा तो पुसटपणा. हात-पाय स्थिर झालेले नाहीत. जुन्या कसोटीने हा दोष ठरला असता. इथे तोच पुरावा आहे: ही मुलगी खरोखर पळत होती. थंडीत पोहण्याचे कपडे घालून माणूस आपणहून काय करेल? पळेलच. उन्हाळ्याचा अभिनय तिने केलेला नाही. गारठ्याला अंगाने जो जबाब दिला, तोच पानावर उन्हाळ्याचा उल्हास होऊन उतरला.

हे सारं एका दिवसात जुळून आलं, पण मुंकाचीची नजर एका दिवसात तयार झालेली नव्हती. बुडापेस्टमध्ये त्याने वर्तमानपत्रासाठी खेळांची छायाचित्रं काढली होती. चेंडूवर झेप घेणारा गोलरक्षक, पाणी उडवत जाणारा मोटारसायकलस्वार, असली चित्रं त्याच्या नावावर होती. खेळाडूला 'जरा थांब' म्हणता येत नाही. क्षण येण्याआधीच बोट सरसावलेलं लागतं. त्याचं आणखी एक प्रसिद्ध चित्र आहे, १९३० च्या सुमाराचं: तीन नग्न आफ्रिकन मुलं पाठमोरी लाटांत धावत शिरताहेत. त्याखाली कुठे टांगानिका सरोवराचं नाव छापलेलं असतं, कुठे लायबेरियाच्या किनाऱ्याचं. पांढऱ्या फेसावर तीन काळ्या आकृत्या, चेहरा एकाचाही नाही, आणि तरी आनंद पाठींवर आणि फेकलेल्या हातांवर स्पष्ट वाचता येतो. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँवर या चित्राने इतका परिणाम केला की आयुष्यभर तो त्याचं ऋण सांगत राहिला. पायपिंग रॉकवर उतरलेला मुंकाची धावत्या अंगांची तीच भूक घेऊन उतरला होता. ज्या बर्लिनमधून तो आला होता तिथे त्याच वर्षी हिटलरच्या हाती सत्ता गेली होती; मुंकाची ज्यू होता, आणि १९३४ मध्ये तो कायमचा अमेरिकेत आला. त्या काळात मोकळ्या अंगाने धावणाऱ्या माणसाकडे त्याने इतक्या प्रेमाने पाहावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आज अलिबागपासून तारकर्लीपर्यंत कुठल्याही किनाऱ्यावर लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी दिसतात. ओढणी वाऱ्यावर सोडून मुलगी कॅमेऱ्याच्या दिशेने पळत येते. तिला मुंकाची ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्या पळण्याची वाट त्यानेच पाडून दिली आहे.

त्या वाटेवरचा सर्वांत मोठा वारसदार म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडन. १९५७ मध्ये पॅरिसला त्याने कारमेन या मॉडेलची उडी टिपली आणि ते चित्र मुंकाचीला अर्पण केलं. छत्री, कोट, जमिनीपासून सुटलेली पावलं. उडी अगदी शिगेला असताना पकडलेली. ते निर्दोष चित्र आहे. दोन्ही शेजारी ठेवली तर मी तरीही पायपिंग रॉककडे झुकतो. ॲव्हेडनची उडी पूर्ण झालेली आहे. तिच्यात मागून घालण्यासारखं काही उरलेलं नाही. ब्रोकॉची धाव दोन पावलांच्या मध्ये आहे. पुढचं पाऊल कुठे पडेल हे तिला माहीत नव्हतं, मुंकाचीला नव्हतं, नव्वद वर्षांनी आपल्यालाही नाही. म्हणूनच त्या चित्राला अजून वय आलेलं नाही.