औषधचिठ्ठीची भाषा : इंग्रजी शब्द व त्यांचे नॉर्वेजियन पर्याय

इंग्रजी 'प्रिस्क्रिप्शन' म्हणजे नॉर्वेजियन 'रेसेप्ट' अशी नोंद कोणत्याही द्विभाषिक शब्दसूचीत आढळते, आणि ती चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. परंतु दोन शब्द एका ओळीत समोरासमोर ठेवले की त्यांची अर्थक्षेत्रेही समोरासमोर येतात, हे अशा सूचींचे जे गृहीत, ते तपासून पाहण्यासारखे आहे. वाङ्मयीन भाषांतरात हे गृहीत चुकले तर रसहानी होते. औषधाच्या चिठ्ठीत चुकले तर रोग्याच्या पोटात जाणारी मात्राच बदलते.

'प्रिस्क्रिप्शन' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील 'आधी लिहून ठेवणे' ही कल्पना आहे. 'रेसेप्ट'च्या मुळाशी 'घेणे' हा अर्थ असलेला लॅटिन धातू आहे. याच धातूपासून इंग्रजीला 'रेसिपी' आणि 'रिसीट' हे दोन शब्द मिळाले, आणि एके काळी दोन्ही औषधयोगालाच लावले जात. 'रेसिपी' हे तर आज्ञार्थी रूप : 'घे'. ही आज्ञा रोग्याला नसून औषध सिद्ध करणाऱ्याला असे. चिठ्ठीच्या शिरोभागी दिसणारे छेदरेषेचे 'आर' हे अक्षर तिचाच अवशेष होय. पुढे इंग्रजीत पहिला शब्द स्वयंपाकघरात गेला व दुसरा दुकानदाराच्या गल्ल्यावर. नॉर्वेजियनने पाककृतीसाठी 'ऑपस्क्रिफ्ट' व पावतीसाठी 'क्विट्टेरिंग' असे निराळे शब्द वापरले आणि 'रेसेप्ट' वैद्याकडेच राहू दिला. 'आपुटेकर'चीही गत अशीच. इंग्लंडमधील त्याचा भाऊबंद 'अपॉथेकरी' १८१५ च्या कायद्यानंतर हळूहळू सामान्य डॉक्टरात विलीन झाला. नॉर्वेत तो औषधालयाचा प्रमुख म्हणून आजही नांदतो.

व्युत्पत्तीपेक्षा संस्थात्मक अर्थ अधिक फसवतो. 'ब्लो रेसेप्ट' म्हणजे शब्दशः 'निळी चिठ्ठी'. दीर्घकालीन उपचार लागणाऱ्या ठराविक विकारांत औषधाचा मोठा खर्च राज्य सोसते, त्या व्यवस्थेचे हे नाव. चिठ्ठ्या आता विद्युत्-माध्यमातून जातात. कागद गेला, त्याचा रंग शब्दात उरला. याचे 'ब्लू प्रिस्क्रिप्शन' असे इंग्रजी केल्यास इंग्लंडमधील वाचकास काहीच बोध होणार नाही. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेची नेहमीची चिठ्ठी हिरवी. 'एगनआन्डेल' या शब्दाला 'प्रिस्क्रिप्शन चार्ज' हा पर्याय सुचवणेही असेच सैल आहे. इंग्लंडमधील आकार हा प्रत्येक औषधामागे ठरलेली रक्कम होय (वेल्समध्ये तो २००७ साली व स्कॉटलंडमध्ये २०११ साली रद्द झाला). निळ्या चिठ्ठीवरील एगनआन्डेल हा किमतीचा विशिष्ट हिस्सा असतो, आणि वर्षाची कमाल मर्यादा गाठली की रोग्याला 'फ्रीकोर्ट' मिळून पुढील वाटा माफ होतो. अशा शब्दांना पर्याय नसतो, केवळ स्पष्टीकरण असते. ही गोष्ट सूचीकाराने मोकळेपणी मान्य करावयास हवी.

याउलट 'पेनकिलर' व 'स्मेर्टेस्टिलेने' हे खरे समानार्थी, जरी इंग्रजी शब्द वेदनेला ठार मारतो व नॉर्वेजियन तिला शांत करतो. मराठी 'वेदनाशामक' येथे नॉर्वेजियनच्या पंक्तीस बसतो. अव्ययांतही असाच दृष्टिभेद आहे. इंग्रजीत औषध दुखण्या'साठी' असते, नॉर्वेजियनमध्ये 'मूट', म्हणजे दुखण्या'विरुद्ध', आणि मराठीत ते दुखण्या'वर' असते. इंग्रजी अव्यय जसेच्या तसे नॉर्वेजियनमध्ये नेले तर औषध दुखणे यावे म्हणून घ्यावयाचे की काय, अशी शंका येईल.

सर्वांत विचारणीय शब्द 'डॉय्न' हा होय. चोवीस तासांच्या सलग कालखंडाला इंग्रजीत रूढ असा एक शब्द नाही. 'डे' हाच उजेडाचा दिवस आणि हाच पूर्ण अहोरात्र. नॉर्वेजियनमध्ये 'दाग' व 'डॉय्न' अशी विभागणी आहे. म्हणून इंग्रजी 'दिवसातून चार वेळा' या सूचनेचे भाषांतर करणाऱ्यास चारही मात्रा जागेपणी घ्यावयाच्या की दर सहा तासांनी, याचा निर्णय करावा लागतो, आणि तो निर्णय शब्दकोशातून मिळत नाही. (नॉर्वेजियन चिठ्ठीतही 'दागली' हे सैल विशेषण सर्रास येते, हे सांगितले पाहिजे.) औषधवापर मोजण्याचे जे एकक नॉर्वेजियन संशोधकांनी १९७० च्या दशकात घडवले, आणि १९८२ पासून ओस्लो येथील जागतिक आरोग्य संघटनेचे सहकार्य-केंद्र जे सांभाळते, त्याचे नॉर्वेजियन नाव 'डॉय्न'वर आधारलेले आहे, इंग्रजीत त्याचे 'डेली डोस' झाले. आद्याक्षरे सुदैवाने दोन्हीकडे तीच.

तथापि 'डॉय्न' सर्वत्र वरचढ ठरतो असे नाही. पॅरासिटामॉलच्या इंग्रजी वेष्टनावर 'कोणत्याही २४ तासांत' पाचशे मिलिग्रॅमच्या आठांहून अधिक गोळ्या घेऊ नयेत, अशी सूचना असते. यातील 'कोणत्याही' हा शब्द मोलाचा आहे. 'डॉय्न' मध्यरात्री सुरू होऊन मध्यरात्री संपतो असे समजणारा रोगी रात्रीपर्यंत आठ गोळ्या संपवून मध्यरात्र उलटताच पुन्हा गोळ्या निर्धास्तपणे घेईल, आणि त्याची किंमत यकृताला मोजावी लागेल. एकशब्दी पर्यायाच्या मोहात येथे अर्थाचा नेमका हवा तो भाग गळतो.

संख्यावाचकांत मराठी वाचकाला ओळखीची वाट भेटते. दीड गोळीला नॉर्वेजियन 'हालान्नन' म्हणतो, शब्दशः 'अर्धा दुसरा'. इंग्रजीला 'एक आणि अर्धा' असे लांबण लावावे लागते. 'अर्धतृतीय'पासून आलेल्या 'अडीच'ची घडणही हीच : दोन पूर्ण, तिसरा अर्धा. घड्याळाच्या वेळेलाही नॉर्वेजियन हाच हिशेब लावतो. 'हाल त्रे' म्हणजे अडीच वाजता. ब्रिटिश बोलीतील 'हाफ थ्री' मात्र साडेतीन. दोन्ही शब्दप्रयोगांतील पदे अक्षरशः एकमेकांचे पर्याय आहेत, आणि मात्रेच्या वेळेत पूर्ण एक तासाचे अंतर पडते. नॉर्वेत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. इंग्रजीत तेच चिन्ह हजार वेगळे दाखवते. म्हणून '१,५००' या आकड्यापाशी नॉर्वेजियन वाचकाने दीड वाचले तर त्याच्या भाषेच्या नियमाप्रमाणे तो बरोबरच असतो.