चिकटवहीतील नामाक्षरे : अलंकृत देवनागरीची एक परीक्षा

छायाचित्रे, प्रवासाची तिकिटे, सुकलेली पाने, निमंत्रणपत्रिकांचे तुकडे आणि त्यांच्या शेजारी हाताने लिहिलेल्या चार ओळी अशी चिकटवही ठेवण्याचा छंद जुना आहे. अलीकडच्या काळात या वहीने कागद सोडला. आता तिचे पृष्ठ संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मांडले जाते. चौकटी, पार्श्वभूमी, वेलबुट्टी आणि अक्षरे ही सर्व तयार संचांतून उचलली जातात. बारसे, मुंज, लग्न, पंढरीची वारी, पावसाळ्यातील लोणावळ्याची सहल अशा प्रसंगांची पृष्ठे मराठी घरांतून या रीतीने सिद्ध होतात. या उद्योगाकडे करमणूक म्हणून पाहण्याचा प्रघात आहे आणि तो समजण्याजोगा आहे. परंतु अशा पृष्ठावर छायाचित्राखालोखाल ठळक असतात ती अक्षरे, आणि ती बहुधा नावे असतात : मुलाचे, गावाचे, कुळाचे, देवाचे. ज्या लेखनाचा हेतूच नाव टिकवणे हा आहे, त्याकडे लिपीच्या अभ्यासकाने दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. अशा अलंकृत अक्षरांची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

या परीक्षेत सामान्यतः आवडनिवड पुढे केली जाते. कोणास गोलाकार अक्षर भावते, कोणास कुंचल्याचे. आवडीविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र अक्षर हे चित्र असले तरी केवळ चित्र नव्हे. त्याच्या रूपातील काही भाग असा असतो की, तो बदलला असता शब्दच बदलतो. उरलेला भाग कितीही बदलला तरी शब्द तोच राहतो. पहिल्या भागास भेदक लक्षण म्हणता येईल. अलंकाराचे स्वातंत्र्य दुसऱ्या भागापुरते आहे. अलंकृत अक्षरसंच चांगला की वाईट, हे त्याने दुसऱ्या भागात किती कल्पकता दाखविली यावरून ठरते खरे. परंतु त्याआधी पहिल्या भागाला त्याने धक्का लावला की नाही, हे पाहावे लागते.

ही मर्यादा देवनागरीत विशेष महत्त्वाची का ठरते, हे या छंदाच्या उगमावरून ध्यानात येईल. विषयानुरूप सजविलेल्या वर्णमाला, म्हणजे नाताळासाठी बर्फाने माखलेली, बाळाच्या पृष्ठासाठी ठोकळ्यांची, समुद्रसहलीसाठी शिंपल्यांची अक्षरे, या प्रथम रोमन लिपीसाठी तयार झाल्या. रोमन लिपीत अक्षरे २६. प्रत्येकाचे एक चित्र करावे आणि ती चित्रे ओळीने शेजारी शेजारी ठेवावीत, की शब्द तयार होतो. एका चित्राचा दुसऱ्या चित्राशी शेजाराखेरीज संबंध येत नाही. हीच रीत देवनागरीस लावून ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सुटी चित्राक्षरे करण्यात आली की गोंधळ सुरू होतो, कारण देवनागरीचे लेखन शेजाराने होत नाही, ते जडणीने होते. येथे लेखनाचा घटक सुटा वर्ण नसून व्यंजन, स्वरचिन्ह आणि अनुस्वार यांनी मिळून झालेले संपूर्ण अक्षर हा आहे.

मावळातील एका गावाचे नाव उदाहरणादाखल घेता येईल. ‘सुदुंबरे’ या नावात चार व्यंजने आहेत आणि त्यांना लागलेली चिन्हेही चारच : दोन उकार, एक अनुस्वार, एक मात्रा. उकार खाली, अनुस्वार व मात्रा वर. म्हणजे नावातील निम्मी चिन्हे ओळीच्या बाहेर आहेत. ‘दुं’ या एका अक्षरास तर वरून व खालून अशी दोन्हीकडून जागा लागते. सुट्या चित्राक्षरांच्या संचातून हे नाव जुळविणाऱ्यास स, द, ब, र ही चार चित्रे मिळतात. उकार मिळालाच तर तो सर्व व्यंजनांसाठी एकाच मापाचा असतो आणि अनुस्वाराच्या ठिकाणी पार्श्वभूमीतीलच एखादे फूल किंवा चांदणी बसविली जाते. पाहणाऱ्यास ते फूल अनुस्वार वाटेल की फूलच वाटेल, हे सांगता येत नाही. नाव ठाऊक असलेला ते बरोबर वाचतो. परंतु तो अक्षरे वाचत नसून आठवण वाचत असतो. चिकटवही ज्याच्यासाठी ठेवली जाते त्या पुढच्या पिढीतील वाचकास ही सोय असणार नाही.

‘इंद्रायणी’तील द-खालचा रकार आणि ‘कार्ले’तील रफार यांचीही हीच गत होते. त्याहून नाजूक प्रश्न ‘ऱ्य’चा आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे मराठीत दोन भिन्न शब्द आहेत. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन रूपांपैकी एक गुरूस उद्देशून आहे व दुसरे स्वयंपाक्यास. लेखनात हा भेद केवळ र-च्या रूपाने दाखविला जातो. युनिकोडमध्ये यासाठी ‘ऱ’ या निराळ्या चिन्हाची सोय आहे; तथापि ती न वापरल्यास, अथवा निवडलेल्या अक्षरसंचात ते रूप रेखाटलेलेच नसल्यास, सह्याद्रीच्या दऱ्यांच्या छायाचित्राखाली समुद्र अवतरतो. हा दोष शुद्धलेखनाच्या सदरात टाकला जातो. वस्तुतः तो पुष्कळदा अक्षररेखाटनाचा असतो.

मराठीतही अक्षराशी चित्र जोडण्याची परंपरा आहे आणि ती घरोघरी परिचित आहे. मुलांच्या अंकलिपीत अक्षर व चित्र एकाच चौकटीत असतात. परंतु अंकलिपीत चित्र अक्षराच्या शेजारी उभे राहते, अक्षराच्या पोटात शिरत नाही. मुलास अक्षराचे वळण निर्मळपणे दिसावे हा तेथे हेतू असतो. विषयानुरूप चित्राक्षरांनी ही सीमा पुसली. ती पुसण्यास हरकत नाही. मात्र पुसल्यावर वळण दिसते की नाही हे पाहण्याची जबाबदारी रेखाटणाऱ्यावर येते.

अलंकाराने अक्षर गिळल्यास काय होते, याचा मोठा दाखला भारतीय लिपींच्या इतिहासातच आहे. सुमारे चौथ्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान कोरलेले, शंखाच्या वेटोळ्यांसारख्या वळणांचे लेख उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत अनेक ठिकाणी सापडतात. त्यांस शंखलिपी असे नाव पडले. ती ब्राह्मीचेच अतिशय अलंकृत रूप असावे आणि तिच्यातील बरेचसे लेख व्यक्तींची नावे असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. परंतु तिचा सर्वमान्य उलगडा अद्याप झालेला नाही. ज्यांनी आपली नावे शिलेवर इतक्या हौसेने सजविली, त्यांची नावेच कोणास वाचता येत नाहीत. याच्या उलट स्थिती मावळातच कार्ले येथे दिसते. तेथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दात्यांची नावे, काहींच्या गावांसह, ब्राह्मीत कोरली गेली. मध्यंतरी ब्राह्मीही विस्मृतीत गेली होती. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप याने तिचा उलगडा केला. तो होऊ शकला, कारण एक खूण जेथे जेथे आली तेथे ती ओळखू येण्याइतकी एकसारखी होती. लिपी विसरली जाणे ही आपत्ती आहे, परंतु तिच्यावर उपाय आहे; लिपीतील भेदच नाहीसे झाले तर तो उपायही उरत नाही.

सुदुंबरे या गावाचे नाव उदाहरणासाठी घेतले त्यास आणखी एक कारण आहे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक आणि परंपरेने त्यांच्या अभंगांचे लेखक मानले गेलेले संताजी जगनाडे यांची समाधी तेथे आहे. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वह्यांच्या आधारेच वि. ल. भावे यांनी तुकोबांची ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केली. सतराव्या शतकातील ते लेखन विसाव्या शतकातील संपादकास उपयोगी पडले, याचे श्रेय भक्तीस जितके आहे तितकेच लेखकाच्या हातालाही आहे. वही हे स्मरणाचे साधन आहे ही समजूत त्या परिसरात नवी नाही. आणि वहीचे पहिले कर्तव्य वाचता येणे हे आहे, हेही तेथे निराळे सांगावे लागू नये.

यावरून अलंकारच त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. बारशाच्या पृष्ठावर सरकारी पत्रकाचे अक्षर शोभत नाही. अक्षराच्या रूपाने प्रसंगाचा भाव सुचविता येतो, हे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांतून दीर्घकाळ दाखवून दिले. तथापि त्यांच्या कामातील एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. नाटकाचे शीर्षक त्या नाटकापुरते, त्याच शब्दांसाठी रेखाटलेले असते. कोणता काना कोठे वळवावा, कोणती मात्रा लांबवावी हे त्या शब्दाकडे पाहून ठरते. तयार अक्षरसंचाची अडचण निराळी आहे. पुढे कोणता शब्द लिहिला जाणार हे रेखाटणाऱ्यास ठाऊक नसते. म्हणून शीर्षकात जे धाडस शोभते ते अक्षरसंचात घातक ठरू शकते. चिकटवहीकार शीर्षकाचा परिणाम अपेक्षितो आणि अक्षरसंच वापरतो, येथे त्याच्या बऱ्याचशा निराशेचे मूळ आहे.

ही अडचण ओळखून केलेले प्रयत्न आहेत आणि ते मोफत उपलब्ध आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा संच त्यांपैकी होय. त्यातील देवनागरीचे रेखाटन सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांचे आहे. नावाप्रमाणेच अक्षरे गुबगुबीत. रेघ इतकी जाड की अक्षराच्या पोटातील मोकळी जागा केवळ एका बारीक फटीएवढी उरते. येथे मोदकाचे चित्र अक्षराला चिकटविलेले नाही. मोदकपणा रेघेच्या जाडीतच आहे. त्यामुळे तोच भाव काना, मात्रा, उकार व जोडाक्षरे यांतही उतरू शकतो. त्याची मर्यादाही त्याच गुणातून येते. आकार लहान केला की फटी बुजतात आणि अक्षरे एकमेकांसारखी दिसू लागतात. नावासाठी तो उत्तम. नावाखालच्या मजकुरासाठी नव्हे. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ हा संच रेल्वेच्या हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला आहे. पाटी रंगविणाऱ्याचे काम गाडीतून जाता जाता वाचता येईल असे नाव लिहिण्याचे; साहजिकच त्या वळणात भेदक लक्षणांची काळजी आधीपासूनच मुरलेली आहे. वारीच्या किंवा प्रवासाच्या पृष्ठास हे वळण अर्थाने जुळते आणि वाचनासही सुसह्य असते. दोन्ही संचांत विषय अक्षराच्या घडणीत आहे, अक्षरावर नाही. चांगल्या आणि सामान्य अलंकरणातील भेद येथेच सापडतो.

आणखी दोन गोष्टी पाहावयास हव्यात. पहिली, वळणाच्या मराठीपणाची. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठीत रूढ असलेली रूपे हिंदी मुद्रणातील रूपांहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेचा निर्णय प्रसृत केला, त्यात या वळणांचाही विचार आहे. अनेक संचांत दोन्ही रूपे असतात व मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविल्यास मराठी रूप आपोआप येते. पृष्ठ मांडणारा ही नोंद करीत नाही आणि आजीच्या ‘लीला’ या नावाचे वळण परके होऊन बसते. शब्द बदलत नाही हे खरे. पण कुटुंबाच्या वहीत कुटुंबाचे वळण असावे ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. युनिकोडपूर्व अक्षरसंचांत टंकलेला मराठी मजकूर तो संच हाताशी नसल्यास निरर्थक रोमन चिन्हांत दिसतो, हा अनुभव मराठी मुद्रणव्यवसायास नवीन नाही. चित्राक्षरांनी जुळविलेल्या नावाची स्थिती त्याहून बिकट, कारण तेथे यंत्राच्या दृष्टीने मजकूरच नसतो. असते ते केवळ चित्र. हजार पृष्ठांतून ‘सुदुंबरे’ हे नाव शोधू जाता ते सापडणार नाही. मोडी कागदांच्या गाठोड्यांपुढे हतबल झालेल्या घरांना या धोक्याची कल्पना सहज यावी.

तात्पर्य, अलंकृत देवनागरीची कसोटी सोपी आहे. संच निवडण्यापूर्वी त्यात ‘सुदुंबरे’, ‘इंद्रायणी’, ‘कार्ले’ आणि ‘दऱ्या’ हे चार शब्द लिहून पाहावेत व ज्यास ती नावे ठाऊक नाहीत अशा व्यक्तीकडून वाचून घ्यावेत. चारही अडखळल्याशिवाय वाचले गेले, तर त्या संचावर फुले, शिंपले, मोदक काय हवे ते चढवावे. न वाचले गेले, तर अक्षर साधे ठेवून फुले कडेने मांडावीत. अंकलिपीने ती रीत पूर्वीच घालून दिली आहे. आणि प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी नाव, गाव व सन साध्या अक्षरांत, युनिकोडमध्ये, एकवार लिहून ठेवावेत. शोभा वरच्या ओळीत असावी, साक्ष खालच्या ओळीत.