सटन हू येथील सुवर्ण-बकल : घडण आणि अनुमान

इंग्लंडांतील सफोक परगण्यांत सटन हू येथें १९३९ सालीं बॅसिल ब्राउन ह्यांच्या खोदाईंत एक नौका उघडकीस आली. तिच्यांतील दफनांत मिळालेलें कमरपट्ट्याचें सोन्याचें बकल सध्यां ब्रिटिश म्युझियमांत आहे. दफनाचा काळ ख्रिस्ती सातव्या शतकाचा आरंभ होय. ह्या बकलावर जें अनुमान उभारलें गेलें आहे, त्याचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तु पाहूं. बकलाची लांबी १३.२ सेंटिमीटर व वजन ४१२.७ ग्रॅम, म्हणजे आपल्याकडील सुमारें पस्तीस तोळे. पृष्ठभागावर एकमेकांत गुंतलेले तेरा प्राणी आहेत. टोंकाशीं दोन प्राण्यांच्या जबड्यांत एक लहानसें श्वापद धरलेलें दिसतें. खोदकामांत निएलो, म्हणजे चांदी व गंधक ह्यांचा काळा संयोग, भरून सोन्याचा पिवळेपणा उठविला आहे. बकल भरीव नाहीं. आंतून पोकळ आहे. मागील पत्रा बिजागरीवर उघडतो, आणि तो बंद ठेवण्यासाठीं आंत तीन सरकते खटके आहेत. पुढील बाजूच्या तीन साध्या घुंड्या ह्याच योजनेचा भाग होत.

ब्रूस-मिटफर्ड ह्यांच्या बृहद्ग्रंथाच्या दुसऱ्या खंडांत (१९७८) ह्या घडणीचें सविस्तर वर्णन आलें आहे. परंतु कांहीं पंडित ह्यापुढें जाऊन म्हणतात कीं, पोकळ बकल हा ख्रिस्ती साधूंच्या अवशेषांचा करंडकच होय. हें मान्य केल्यास पुरलेल्या पुरुषाच्या धर्मश्रद्धेचा निर्णय एका बकलावरून लागतो. तो पुरुष पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड असावा असें बहुतेक मानतात. आणि त्यानें बाप्तिस्मा घेऊनहि एकाच मंदिरांत जुनी व नवी अशा दोन वेदी राखिल्या, असें बीड सांगतो. तेव्हां प्रश्न क्षुल्लक नाहीं.

पोकळी केवळ सोनें वांचविण्यासाठीं ठेविली, हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. तसें असतें तर पत्रा कायमचा जोडून टाकणें सोपें होतें; बिजागरी व खटके ह्यांचे श्रम व्यर्थ ठरले असते. बकल उघडण्यासाठींच घडविलें, एवढें सिद्ध आहे. परंतु ‘उघडतें, म्हणून अवशेषकरंडक’ हा हेतु नैयायिकांच्या भाषेंत अनैकान्तिक होय. कारण उघडणारी पेटी करंडक नसतांनाहि संभवते. सोपारा येथील स्तूपांत भगवानलाल इंद्रजी ह्यांना १८८२ सालीं एकांत एक ठेविलेले करंडक मिळाले. तेथें मृत्पात्राचे तुकडे सुवर्णकरंडकांत प्रत्यक्ष होते, म्हणून शंकेस जागा राहिली नाहीं. येथें तसा पुरावा नाहीं. केंटमधील क्रंडेलच्या बकलावर निदान मत्स्य तरी आहे. ह्यावर क्रूसहि नाहीं.

त्याच दफनांत ग्रीक अक्षरांचे दोन रौप्य चमचे व क्रूसाकृति असलेलीं रौप्यपात्रें आहेत, असें कोणी म्हणेल. त्यांचा विचार अवश्य व्हावा. परंतु त्यांचें बळ बकलास उसनें देतां येत नाहीं. बासनाच्या गांठीवरून आंतील पोथीचें नांव सांगणारा संग्राहक आपण प्रमाण मानीत नाहीं. सोनाराच्या कामासहि तोच न्याय लागू करावा, असें आमचें मत आहे.