परावर्तनाचे मापन व वास्तवाचा प्रत्यय : एक चिकित्सा

पृष्ठभागावर पडलेला प्रकाश कोणत्या दिशेस किती परततो, याचे मापन हे वास्तवदर्शी संगणक-चित्रणाचे अधिष्ठान मानले जाते. फ्रेड निकोडेमस यांनी १९६५ मध्ये या संबंधास काटेकोर गणिती रूप दिले. प्रकाशाच्या आगमनाची व निरीक्षणाची दिशा निश्चित केली, की त्या दोहोंपुरता पृष्ठभागाचा गुणधर्म एका संख्येने व्यक्त होतो. दिशा बदलल्या, की संख्या बदलते. या सर्व संख्यांचा समुच्चय म्हणजे परावर्तन-फलन होय.

अशा मापनांचा सर्वांत प्रभावी संग्रह वोयचेख मातुसिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १०० पदार्थ असून प्रत्येकाच्या प्रत्येक रंगघटकासाठी १४,५८,००० मूल्ये आहेत. पदार्थाचा गोल घेतल्यामुळे एकाच छायाचित्रात अनेक कोन सापडतात, ही त्यामागील युक्ती. फाँग यांच्या १९७५ च्या सूत्रातील गुणांक बहुधा नजरेच्या अंदाजाने ठरविले जात. अशा सूत्रांना या संग्रहाने कसोटी मिळाली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि गोलाच्या युक्तीतच तिची मर्यादा दडलेली आहे. गोलाचा प्रत्येक बिंदू सारखाच आहे, तसेच पृष्ठभाग स्वतःभोवती फिरविल्याने त्याचे परावर्तन बदलत नाही, ही दोन गृहीते तीत अनुस्यूत आहेत. पैठणीचे रेशीम व जर ताण्याबाण्याच्या दिशेनुसार निरनिराळे चमकतात. अशा वस्त्रास येथे स्थान नाही. शिवाय पृष्ठभागास जवळजवळ समांतर येणाऱ्या किरणांची मूल्ये या संग्रहात फारशी विश्वसनीय नाहीत. याउलट १९९९ च्या कोलंबिया-उट्रेख्ट संग्रहाने ६१ नमुन्यांचा पोत जपला. परंतु प्रत्येकी केवळ २०५ चित्रे घेतल्याने दिशांची सूक्ष्मता गमावली.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाचे मंदिर या दृष्टीने विचारार्ह आहे. त्याचा खालचा भाग हेमाडपंती, कोरीव पाषाणाचा. वरचा भाग उत्तरकालीन व पेशवेकालीन वळणाचा. खडबडीत दगड पावसात भिजला, की अधिक काळा व चकचकीत दिसतो. नित्य स्पर्शाने त्याचा खडबडीतपणा झिजतो. अशा वास्तूचे संगणकीय चित्र ‘दगड’ या एकाच नोंदीवरून रंगविल्यास ते डोळ्यांस पटेलही. परंतु संशोधकास ते पुरावा म्हणून वापरता येणार नाही.

याच औंढा परिसरात, २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळालेल्या लायगो-इंडिया प्रकल्पाची ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा नियोजित आहे. अशा वेधशाळांच्या आरशांसाठीही हेच फलन मोजतात. कारण आरशावरून विखुरलेला प्रकाश नलिकेच्या भिंतींवरून परतून मूळ शलाकेत मिसळल्यास गुरुत्वीय लहरींच्या नोंदीत गोंधळ माजतो. तेथे किती विखुरण सह्य, हे प्रयोजनच ठरविते. चित्रणशास्त्रात मात्र अखेरचा निर्णय पुष्कळदा प्रेक्षकाच्या डोळ्यांवर सोपविला जातो, आणि डोळा सहज फसतो.

यास्तव संग्रहाचे मूल्य मूल्यांच्या संख्येवरून ठरविणे युक्त नव्हे. नमुना कोठला, ओला की कोरडा, किती क्षेत्राची सरासरी घेतली व कोणते कोन वगळले, हे ज्या नोंदीत नाही, तिच्यावरून मनोहर चित्र निघेल. वारशाचे विश्वसनीय दस्तऐवजीकरण होणार नाही.