तहाचें आयुष्य आणि केन्स यांचा ग्रंथ

ज्या ग्रंथानें लोकमतास वळण लावलें त्याचें परीक्षण करतांना दोन प्रश्न निराळे ठेवावे लागतात: ग्रंथ प्रभावी ठरला काय, आणि त्याचा सिद्धान्त खरा आहे काय? जॉन मेनार्ड केन्स यांच्या १९१९ सालच्या ‘द इकॉनॉमिक कॉन्सिक्वेन्सेस ऑफ द पीस’ या पुस्तकाविषयीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर निर्विवाद आहे. दुसऱ्याचें तितकें सोपें नाहीं.

केन्स हे ब्रिटिश खजिन्याचे प्रतिनिधि म्हणून पॅरिसच्या परिषदेस हजर होते. तहाच्या अटी न पटल्यामुळें जून १९१९ मध्यें त्यांनीं पद सोडलें, आणि वर्ष संपण्यापूर्वींच पुस्तक बाहेर पडलें. क्लेमान्सो व विल्सन यांचीं त्यांतील शब्दचित्रें आजही वाचकास खिळवून ठेवतात. त्यांचें मुख्य म्हणणें असें कीं, युरोपचा आर्थिक प्रपंच एकत्र आहे; जर्मनीस कंगाल केल्यास तिचे शेजारीही बुडतील.

परंतु तहाचें आयुष्य दंडाच्या आंकड्यावर ठरतें काय? १८७१ च्या फ्रँकफुर्टच्या तहानें बिस्मार्कनें फ्रान्सवर ५०० कोटी फ्रँकांचा दंड बसविला. फ्रान्सनें तो सप्टेंबर १८७३ मध्यें, मुदतीपूर्वींच, चुकता केला. देणें फिटलें, पण वैर फिटलें नाहीं. आल्सास आणि लॉरेनचा भाग गेल्याचें शल्य तसेंच राहिलें.

उलट, वॉटर्लूनंतर १८१५ सालीं फ्रान्सवर ७० कोटी फ्रँकांचा दंड व दीड लक्ष परकीय सैन्याचा तळ लादला होता. म्हणजे तोही तह अगदीं सौम्य नव्हता. परंतु व्हिएन्नाच्या परिषदेंत तालेरां यांस बसावयास जागा मिळालेली होती, आणि १८१८ मध्यें एक्स-ला-शापेल येथें सैन्य काढून घेऊन फ्रान्सला मोठ्या राष्ट्रांच्या पंक्तीस घेण्यांत आलें. या व्यवस्थेनें पोलिश व इटालियन लोकांस विचारलेंही नाहीं, हा तिचा मोठा दोष. बेल्जम तर १८३० मध्येंच तींतून फुटून निघाला. तरीही सर्व महासत्तांस एकाच वेळीं रणांत ओढणारें युद्ध १९१४ पर्यंत झालें नाहीं.

व्हर्सायला या दोन्ही गोष्टींची उणीव होती. जर्मन प्रतिनिधींस मे १९१९ मध्यें तयार मसुदा हातीं देण्यांत आला. लेखी हरकतींपलीकडे त्यांस वाव नव्हता. इकडे अमेरिकन सेनेटनें तहास संमति नाकारली, आणि फ्रान्सला दिलेलें संरक्षणाचें वचनही त्याबरोबर वाऱ्यावर गेलें. जितांस मान्य नाहीं आणि जेत्यांस राखावयाचा नाहीं, असा तो तह होता.

एत्येन मांतू या तरुण फ्रेंच अर्थशास्त्रज्ञानें केन्स यांस सविस्तर उत्तर लिहिलें. तो १९४५ मध्यें रणांगणावर पडला आणि त्याचा ग्रंथ पुढील वर्षीं प्रसिद्ध झाला. केन्स यांचीं अनेक आर्थिक भाकितें चुकलीं, हें त्यानें आंकड्यांनिशीं दाखविलें. त्याचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तह अन्यायाचा, ही भावना इंग्रज वाचकांत रुजल्यामुळें तो राखण्याची इच्छाच मावळली. मार्च १९३६ मध्यें जर्मन सैन्य ऱ्हाइनलंडांत शिरलें तेव्हां त्यास कोणीं अडविलें नाहीं. याचा सर्व भार एका पुस्तकावर टाकणें अन्यायाचें होईल. पण त्याचा वांटा नाकारतां येत नाहीं.

१९४५ नंतर जर्मनीचा मुलूख गेला, देश विभागला गेला, परकीय फौजा वर्षानुवर्षें राहिल्या. व्हर्सायहून हें कठोरच. तथापि १९५१ मध्यें कोळसा व पोलाद यांच्या संयुक्त व्यवस्थेंत पश्चिम जर्मनी फ्रान्सच्या शेजारीं समान सभासद म्हणून बसली, आणि त्या दोघांत पुन्हां युद्ध झालेलें नाहीं.

युरोपचा प्रपंच एक आहे, हा केन्स यांचा विचार येथें खरा ठरला, आणि तेंच त्यांच्या ग्रंथाचें चिरस्थायी मोल होय. मात्र तह सौम्य असला म्हणजे टिकतो, असा निष्कर्ष त्यांतून काढूं नये. शत्रूस पंक्तीस घेण्याचें औदार्य आणि ती पंक्ति राखण्याचें बळ, हीं दोन्ही एकत्र आलीं तरच तहास आयुष्य लाभतें.